एकट्या डब्याची नोकरी

१६ जुलै १९३४ रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेने बर्मिंगहॅमच्या स्नो हिल स्टेशनातून कार्डिफकडे एकच डबा रवाना केला. पुढे इंजिन नाही, मागे ब्रेकव्हॅन नाही. डब्याच्या पोटाखाली बसची दोन डिझेल इंजिनं, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, आत ४४ आसनं आणि चहा-सँडविचपुरता एक काउंटर. वाटेत थांबे ग्लॉस्टर आणि न्यूपोर्ट एवढेच. ११७ मैलांहून थोडं जास्त अंतर ही गाडी दोन तास वीस मिनिटांत कापायची. तिसऱ्या वर्गाच्या भाड्यावर अडीच शिलिंग जादा मोजावे लागत, तरी जागा भराभर जायच्या आणि उशिरा जागे झालेल्यांना हात हलवत परतावं लागायचं.

रेल्वेच्या धंद्यात गर्दी ही आनंदाची गोष्ट. प्रवासी वाढले की यार्डातून आणखी एक डबा आणून जोडायचा, प्रश्न मिटला. या गाडीला तेच जमत नव्हतं. तिला नेहमीचे बफर नव्हते, नेहमीची जोडणी नव्हती, आणि दोन रेलकार एकत्र जोडून एकाच ड्रायव्हरने चालवायची सोयही नव्हती. पंचेचाळिसावा माणूस आला की त्याच्यासाठी वाफेचं इंजिन, डबे, ड्रायव्हर, फायरमन असा सगळा लवाजमा पुन्हा उभा करावा लागे. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या डिझेल रेलकारांची निम्मी कहाणी या पंचेचाळिसाव्या माणसापाशी अडते. उरलेली निम्मी अडते ती आडगावच्या शाखामार्गांवर, जिथे पाचवा माणूसच कधी येत नव्हता. या दोन टोकांच्या मध्ये या डब्याला नेमकं कोणतं काम द्यायचं, हे ठरवायला ब्रिटिश रेल्वेने जवळजवळ पस्तीस वर्षं घेतली, आणि उत्तर सापडलं तेव्हा बरेचसे मार्ग उखडले गेले होते.

खरं तर हा धडा डिझेलच्या आधीच मिळाला होता. १२ ऑक्टोबर १९०३ रोजी याच ग्रेट वेस्टर्नने ग्लॉस्टरशायरमध्ये चॅलफर्ड ते स्टोनहाउस या मार्गावर वाफेची रेलमोटर सुरू केली. एकाच सांगाड्यावर पुढे छोटा बॉयलर आणि मागे प्रवासी. पाच वर्षांत अशा ९९ गाड्या बांधल्या गेल्या. त्या लोकप्रिय झाल्या, गर्दी वाढली आणि इवल्याशा बॉयलरला जादा डबा ओढवेना. शिवाय बॉयलर धुवायला काढला की त्याच्यासोबत बसायची गादीही कोळशाच्या शेडमध्ये जाऊन बसायची. शेवटी बहुतेक रेलमोटरींचे बॉयलर काढून त्यांचे साधे डबे केले गेले आणि त्यांना ओढायला निराळी छोटी इंजिनं दिली गेली. त्याच १९०३ मध्ये नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने यॉर्कच्या कारखान्यात पेट्रोलवर वीज तयार करून चालणाऱ्या दोन गाड्या बांधल्या. कल्पना काळाच्या फार पुढची होती. पेट्रोलचं इंजिन मात्र तेव्हा नाजूक होतं आणि इंधन महाग. त्यांतली एक गाडी जीर्णोद्धारानंतर आता यॉर्कशायरच्या एम्बसे मार्गावर पुन्हा पळते, म्हणजे मूळ कल्पनेत खोट नव्हती.

खोट होती इंजिनात, आणि ती भरून काढली रस्त्यावरच्या बसने. १९३० च्या आसपास बसला पेलवेल इतकं हलकं आणि भरवशाचं डिझेल इंजिन तयार झालं. तोवर रेल्वेवाल्यांच्या हाती होती ती अवजड यंत्रं. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने, म्हणजे एलएमएसने, १९२८ मध्ये जुन्या विजेच्या डब्यांची चार डब्यांची गाडी करून तिच्यात बियर्डमोर कंपनीचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि ती प्रेस्टन-ब्लॅकपूल भागात चालवली. बियर्डमोर हे नाव विमानांशी आणि हवाई जहाजांशी जोडलेलं. न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने १९३२ पासून तीन डिझेल-इलेक्ट्रिक रेलकार काढल्या: टाइनसाइड व्हेंचरर, लेडी हॅमिल्टन आणि नॉर्थम्ब्रियन. साठेक आसनं, २५० अश्वशक्ती, वजन चाळीस टनांच्या वर. इंजिनाने जनरेटर फिरवायचा, जनरेटरने मोटर, मोटरने चाकं. काम चोख, पण वजन आणि किंमत दोन्ही जास्त. नॉर्थम्ब्रियनला फेब्रुवारी १९३३ मध्ये लंडनहून बर्मिंगहॅमजवळच्या औद्योगिक प्रदर्शनाला पाहुणे नेण्याचं मानाचं काम मिळालं. पुढे तिघींनी इंग्लंडच्या ईशान्य भागात साधी चाकरी केली, आणि १९३९ पर्यंत तिघीही बाद झाल्या.

लंडनच्या पश्चिमेला साउथऑल इथे एईसी कंपनीचा कारखाना होता. लंडनच्या बस तिथेच बनत. ग्रेट वेस्टर्नची मुख्य लाइन कारखान्याच्या कुंपणाला लागून जायची. एईसीच्या हार्डी मोटर्स या उपकंपनीतल्या सी. एफ. क्लीव्हर यांनी साधा विचार केला: बसचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि बसचाच गिअरबॉक्स घ्यायचा, रेल्वेच्या डब्याखाली बसवायचा आणि वरचा सांगाडा वाऱ्याला कापत जाईल असा गोलसर करायचा. सांगाड्याच्या प्रतिकृतीची विंड टनेलमध्ये चाचणी झाली, पार्क रॉयल या बस बांधणाऱ्या कंपनीने तो बांधला, आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये ही गाडी चक्क मोटारींच्या प्रदर्शनात, ऑलिम्पियाच्या दालनात, मांडली गेली. रेल्वेचा डबा ट्रक-बसच्या मेळ्यात उभा राहिला, यातच तिची वंशावळ कळते. ४ डिसेंबरला ती स्लाव, विंडसर, डिडकॉट या पट्ट्यात कामाला लागली. एकच इंजिन, १३० अश्वशक्ती, ६९ आसनं, वजन २४ टन. आर्मस्ट्राँगच्या गाड्यांशी हा आकडा ताडून पाहिला की क्लीव्हर यांचं गणित लक्षात येतं. लगेचच ती काही फेरफारांसाठी कारखान्यात गेली आणि फेब्रुवारीत परतली. गोलसर नाक आणि चॉकलेटी-पिवळसर रंग पाहून लोकांनी तिला उडतं केळं असं नाव ठेवलं.

तिच्या पोटातली यंत्रणा थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढची तीस वर्षं ब्रिटनमधल्या बहुतेक डिझेल गाड्या तिचाच वारसा चालवत होत्या. बसमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच असतो. चोवीस टनांचा डबा थांब्यामागून थांब्यावर उचलायचा तर असा क्लच काही आठवड्यांत जळून जाईल. म्हणून इंजिनामागे फ्लुइड फ्लायव्हील बसवलं. तेलाने भरलेल्या गोल कवचात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एका पंख्याला फिरवतं, तो तेलाला ढकलतो आणि तेल दुसऱ्या पंख्याला. गाडी उभी असताना इंजिन मंद चालू राहतं, तेल नुसतं घुसळलं जातं; इंजिनाचा वेग वाढवला की ओढ लागते. त्याच्यामागे विल्सन पद्धतीचा गिअरबॉक्स. त्यात पुढचा गिअर आधी निवडून ठेवायचा आणि वेळ आली की बदल अमलात आणायचा. दात दातांवर आदळण्याची भीती नाही. आणि शेवटी उलटसुलट दिशेचा खटका, कारण बसला एकच तोंड असतं आणि रेलकारला दोन.

हे दुसरं तोंड हाच तिचा खरा नफा. वाफेची गाडी टर्मिनसला पोहोचली की इंजिन सुटायचं, दुसऱ्या रुळावरून फिरून डब्यांच्या मागच्या टोकाला यायचं, पुन्हा जोडलं जायचं. मधल्या वेळात पाणी, राख, आग यांची सरबराई. रेलकारचा ड्रायव्हर आपली चावी उचलून डब्यातून चालत दुसऱ्या केबिनमध्ये जायचा आणि पाच मिनिटांत गाडी परतीच्या वाटेला. फायरमन नाही. पहाटे दोन-तीन तास आधी येऊन आग पेटवायची गरज नाही. स्टेशनात उभं असताना कोळसा जळत नाही. एकच गाडी दिवसाला कितीतरी जास्त फेऱ्या मारू शकायची. रेल्वेच्या हिशेबनीसांना हीच गोष्ट आवडली, आणि माझ्या मते त्यांनी तिथेच चूक केली: गाडी चालवायचा खर्च निम्म्यावर आला म्हणजे मार्गाचा खर्च निम्म्यावर आला, असं त्यांनी धरून टाकलं.

ग्रेट वेस्टर्नने १९४२ पर्यंत एकूण ३८ रेलकार घेतल्या, आणि त्यांच्या क्रमांकांतून शिकत जाण्याचा सगळा प्रवास वाचता येतो. क्रमांक २ ते ४ या बर्मिंगहॅम-कार्डिफच्या, उपाहारगृहवाल्या. नंतरच्या बऱ्याच ग्लॉस्टरच्या कारखान्यात बांधलेल्या, जास्त आसनांच्या आणि शाखामार्गांसाठी. क्रमांक १७ मध्ये प्रवाशांना जागाच नाही, नुसती पार्सलं. १९३७ चा क्रमांक १८ मात्र या मालिकेतला सगळ्यात शहाणा डबा. त्याला पहिल्यांदाच नेहमीचे बफर आणि नेहमीची जोडणी मिळाली. त्याची नेमणूक न्यूबरीहून लॅम्बोर्नला जाणाऱ्या छोट्या मार्गावर झाली. लॅम्बोर्नचं खोरं शर्यतीच्या घोड्यांच्या तालमींसाठी प्रसिद्ध. इथल्या गाडीला प्रवासी कमी आणि घोड्यांचे डबे जास्त ओढावे लागत. केळ्याच्या आकाराची देखणी गाडी इथे कुचकामी. क्रमांक १८ माणसं घेऊन निघायचा आणि मागे घोडे लावून यायचा. शाखामार्गाची खरी गरज काय असते, ते या गाडीने दाखवून दिलं: दूध, पार्सल, घोडे, कोंबड्यांची खुराडी आणि जमलं तर माणसं.

पुढच्या गाड्या स्विंडनला बांधल्या गेल्या, त्या याच वळणाच्या. गोलाई गेली, कोपरे कडक झाले. गिअरबॉक्समध्ये दोन टप्पे आले: मोकळी धाव असेल तर ताशी ७० मैलांपर्यंतचा वरचा टप्पा, ओझं ओढायचं असेल तर ४० मैलांपर्यंतचा खालचा. शेवटच्या चार गाड्या जोडीजोडीने चालायच्या, उपाहारगृहासह, आणि मध्ये साधा डबा घालता यायचा. बर्मिंगहॅम-कार्डिफच्या पंचेचाळिसाव्या माणसाला अशी जागा मिळाली; पण तोवर युद्ध सुरू झालं होतं.

एलएमएसनेही हात मारून पाहिला. १९३४ मध्ये लेलँड कंपनीकडून तिने चार चाकांच्या तीन रेलबस घेतल्या, प्रत्येकी चाळीस आसनांच्या. (पुढे मद्रासच्या अशोक मोटर्सशी हातमिळवणी करून अशोक लेलँड झाली ती हीच लेलँड.) लँकेशायरमध्ये ब्लॅकबर्नच्या आसपास आणि मग स्कॉटलंडमध्ये त्यांनी गुपचूप नोकरी केली आणि १९५१ ला निवृत्त झाल्या. १९३८ मध्ये एलएमएसच्या डर्बी कारखान्याने सलग जोडलेली तीन डब्यांची गाडी बांधली. लेलँडची सहा इंजिनं, प्रत्येकी १२५ अश्वशक्तीची, सगळी डब्यांच्या तळाखाली, सगळी एकाच ड्रायव्हरच्या ताब्यात. ऑक्सफर्ड-केंब्रिज मार्गावर आणि नंतर लंडन-नॉटिंगहॅम मार्गावर तिने चांगलं काम केलं. १९३९ च्या सप्टेंबरात ती झाकून ठेवली गेली, ती प्रवाशांसाठी परत कधीच निघाली नाही. १९४९ मध्ये तिचे डबे मँचेस्टरजवळच्या विद्युत मार्गावर तारा दुरुस्त करायला लागले. डब्यांखाली बरीच छोटी इंजिनं आणि सगळ्यांवर एका हाताचा ताबा, ही कल्पना मात्र तिथेच सिद्ध झाली होती. युद्धाने ती पंधरा वर्षं पुढे ढकलली.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने, एलएनईआरने, वेगळा निर्णय घेतला, आणि तो नुसत्या यंत्राचा नव्हता. १९३३ मध्ये जर्मनीत फ्लिगेंडर हाम्बुर्गर ही दोन डब्यांची डिझेल गाडी बर्लिन-हॅम्बर्ग धावू लागली: २८६ किलोमीटर, १३८ मिनिटं. एलएनईआरचे मुख्य यंत्र अभियंता नायजेल ग्रेसली यांनी ती पाहिली आणि जर्मन कंपनीकडून लंडन-न्यूकॅसल मार्गासाठी वेळेचा अंदाज मागवला. उत्तर आलं: सव्वाचार तास. मार्ग वळणांचा आणि चढउतारांचा होता, आणि जर्मन गाडीतल्या जागा कमी व अरुंद होत्या. ग्रेसलींनी वाफेनेच प्रयत्न करायचा ठरवला. नोव्हेंबर १९३४ मध्ये लीड्सच्या फेरीत ताशी १०० मैल आणि मार्च १९३५ मध्ये पॅपिरस या इंजिनाने १०८ मैल गाठले. ३० सप्टेंबर १९३५ रोजी सिल्व्हर ज्युबिली एक्स्प्रेस लंडन-न्यूकॅसल चार तासांत धावू लागली, तीही पूर्ण डबे आणि जेवणाच्या व्यवस्थेसह. या विजयाचं कौतुक आजही होतं, आणि व्हावंच. पण एलएनईआरचा मोठा धंदा डरहॅम-यॉर्कशायरचा कोळसा वाहण्याचा होता. कोळसा देशातला, तेल समुद्रापलीकडचं. डिझेलची बाजू घेणं म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाच्या पोटावर पाय देणं होतं. सिल्व्हर ज्युबिलीने एक्स्प्रेसचा प्रश्न सोडवला, शाखामार्गांचा तसाच ठेवला.

रेलकार पळवायची असेल तर तिला राखायलाही जागा हवी. वाफेची शेड म्हणजे राख, काजळी, कोळशाची पूड आणि ओलावा. डिझेलच्या इंधनाच्या बारीक नळ्यांना, रेडिएटरच्या जाळीला, विजेच्या जोडण्यांना हे वातावरण घातक. वाफेचं इंजिन हातोड्याने आणि अंगमेहनतीने चालतं ठेवता येतं. इथे मोजपट्टी आणि स्वच्छ हात लागतात. फिटरची जुनी पिढी मनापासून शिकली, पण शेड बदलायला पैसे कुणी दिले नाहीत. आगीही लागल्या. ग्रेट वेस्टर्नच्या क्रमांक ९ ने १९४५ मध्ये हेफर्डला पेट घेतला, क्रमांक १० ने १९५६ मध्ये ब्रिजनॉर्थला, आणि १९४७ मध्ये क्रमांक ३७ जळाल्यावर त्याच्या जोडीदाराला पुढे दुसरा सोबती शोधून द्यावा लागला. एवढं असूनही यांतल्या शेवटच्या गाड्या १९६२ पर्यंत ओढल्या गेल्या. बसच्या इंजिनाने रुळांवर वीस वर्षं काढली.

१ जानेवारी १९४८ ला रेल्वे सरकारी झाली आणि डिझेलचा प्रश्न पुन्हा फाइलीत गेला. आयर्लंड तोवर बरंच पुढे निघून गेलं होतं. काउंटी डोनेगलच्या अरुंद मार्गावर १९३१ पासूनच डिझेल रेलकार धावत होत्या, आणि ग्रेट नॉर्दर्न ऑफ आयर्लंडने १९५० मध्ये एईसीकडून वीस गाड्या घेऊन त्या मुख्य मार्गांवर लावल्या. ब्रिटनमध्ये १९५१-५२ मध्ये हलक्या गाड्यांची समिती बसली, आणि पुढे डर्बी कारखान्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे हलके डबे बांधले गेले. १४ जून १९५४ रोजी ते लीड्स-ब्रॅडफर्ड-हॅरोगेट पट्ट्यात कामाला लागले. त्याच वर्षाअखेर कार्लाइल-सिलोथ आणि १९५५ च्या सुरुवातीला वेस्ट कंबरलंडचा उरलेला भाग. तिकीटविक्री वाढली. गाड्या स्वच्छ, ठरावीक वेळेच्या अंतराने धावणाऱ्या, आणि एक गंमत आणखी: ड्रायव्हरच्या मागची भिंत काचेची. पहिल्या बाकावर बसून समोरचे रूळ, सिग्नल, पूल पाहत जायची ही सोय कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त माणसं खेचून आणत असावी.

ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर हातात दोन दांडे: एक इंजिनाच्या वेगाचा, एक चार गिअरचा. पहिल्या गिअरमध्ये सुटायचं. ताशी १५ मैलांच्या सुमारास वेगाचा दांडा मागे घ्यायचा, क्षणभर थांबायचं, दुसरा गिअर टाकायचा, पुन्हा वेग. २७ ला तिसरा, ४१ ला चौथा. घाई केली तर गाडी हिसका देते, उशीर केला तर इंजिन रडतं. शेवटच्या डब्याखालचं इंजिनही याच दांड्याला हवेच्या दाबाने आणि विजेच्या तारांनी जोडलेलं. ते ड्रायव्हरला ऐकू येत नाही, समोरच्या दिव्यांवर विसंबून राहावं लागतं. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेताना खालचा दिशेचा खटका न्यूट्रलला आणायला कुणी विसरलं तर गिअरबॉक्स बिघडला म्हणून समजा.

आणि या सगळ्यात एक फारच ब्रिटिश गोंधळ. गाड्यांच्या नियंत्रणाच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या. मग प्रत्येक पद्धतीला रंग आणि आकृती ठरली आणि बफरच्या वर रंगवली गेली: पहिल्या डर्बी गाड्यांना लाल त्रिकोण, सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना पत्त्यांतल्यासारखी पिवळी चौकट, बहुसंख्यांना निळा चौरस, स्कॉटलंडच्या आंतरशहरी गाड्यांना पांढरं वर्तुळ, रोल्स-रॉइसच्या काहींना नारिंगी तारा. एकाच शेडमध्ये उभ्या दोन गाड्या, पण चिन्ह वेगळं म्हणून जोडता येत नाहीत. १९३४ चा पंचेचाळिसावा माणूस इथे नव्या रूपात भेटतो. गर्दीच्या सकाळी यार्डात गाडी उभी आहे, तरी ती जोडून नेता येत नाही. जानेवारी १९५५ च्या १२४ कोटी पौंडांच्या आधुनिकीकरण योजनेत सगळ्यांनाच घाई होती. वेगवेगळ्या कारखान्यांतून काही वर्षांत सुमारे चार हजार डिझेल डबे बाहेर पडले, आणि एकसारखेपणाचा विचार मागाहून झाला.

आता दुसरं टोक, चार प्रवाशांचं. बकिंगहॅम-बॅनबरी मार्गावर १९५६ मध्ये डर्बीचे दोन एकटे डबे लावले गेले, रॅडक्लिव्ह आणि वॉटर स्ट्रॅटफर्ड असे दोन नवे थांबेही उघडले. प्रवासी कितीतरी वाढले, आणि तोटा तरीही राहिला. मार्गाचा बॅनबरीकडचा भाग १९६१ च्या सुरुवातीला बंद झाला. १९५८ मध्ये पाच वेगवेगळ्या कंपन्यांकडून मिळून २२ रेलबस घेतल्या गेल्या, चार चाकांच्या, अगदी हलक्या. इतक्या हलक्या, की सिग्नलला गाडीची चाहूल देणारा रुळांतला विजेचा प्रवाह त्यांच्याखाली कधी कधी नीट तुटायचाच नाही. गाडी समोर उभी आणि सिग्नलच्या लेखी रूळ मोकळा. रेल्वेत याहून गंभीर दोष कोणता?

केंबलहून सायरेन्सेस्टर आणि टेटबरीला जाणाऱ्या दोन छोट्या मार्गांवर १९५९ पासून अशा रेलबस धावू लागल्या. टेटबरीच्या वाटेवर ट्रबल हाउस नावाची एक पानशाळा होती, शेतांच्या मधोमध. तिच्यासाठी खास थांबा उघडला गेला. फलाट म्हणजे फळ्यांची जेमतेम जागा. चढायला बिअरचं खोकं पायाखाली ठेवत. दोन्ही मार्गांवर प्रवासी वाढले, गर्दीच्या वेळी उभं राहायची पाळी आली. एप्रिल १९६४ मध्ये दोन्ही मार्ग प्रवाशांसाठी बंद झाले, आणि शेवटच्या दिवशी पानशाळेच्या गिऱ्हाइकांनी एक शवपेटी गाडीत चढवली, पत्ता डॉ. बीचिंग यांचा.

रिचर्ड बीचिंग यांचा तोट्यातले मार्ग बंद करायला सांगणारा १९६३ चा अहवाल ब्रिटनमध्ये अजूनही शिवीसारखा उच्चारला जातो, पण रेलबसच्या बाबतीत त्यांनी वर्मावर बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं: तुम्ही बसपेक्षा महाग गाडी घेणार, आणि वर तिच्या एकटीसाठी अख्खा रस्ता राखणार. रूळ, पूल, कुंपणं, फाटकं, सिग्नलच्या खोल्या, त्यांतली माणसं. दर आठवड्याला दहा हजारांच्या आसपास प्रवासी नसतील तर नुसत्या प्रवाशांवर असा मार्ग चालत नाही. गाडी वाफेची असो की डिझेलची, लॅम्बोर्नच्या किंवा टेटबरीच्या वाटेवर असे प्रवासी येणार कुठून? १९३३ पासून हिशेबनीस जो खर्च निम्मा झाला म्हणून खूश होत होते, तो मुळात लहान खर्च होता. मोठा खर्च रुळांखाली आणि स्टेशनात बसला होता, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. सिलोथ हा इंग्लंडमधला डिझेलवर गेलेल्या पहिल्या मार्गांपैकी एक. १९६४ च्या सप्टेंबरात तोही बंद झाला, आणि शेवटच्या गाडीच्या वेळी लोक रुळांवर बसले. गाडी बदलली गेली होती, तिच्याभोवतीचं रेल्वे चालवणं जुनंच राहिलं होतं.

बीचिंग यांचं उत्तर मला मान्य नाही. ते मानून चालले की मार्गाचा खर्च जिथे आहे तिथेच राहणार. ईस्ट सफकमध्ये ही समजूत खोटी ठरली. ईस्टर्न रीजनचे महाव्यवस्थापक जेरार्ड फाइन्स यांनी बेसिक रेल्वे ही कल्पना मांडली: स्टेशनांवरची माणसं काढा, तिकीट गाडीत द्या, फाटकं आणि सिग्नल साधे करा, जादा रूळ उखडा, पण गाडी चालू ठेवा. मार्च १९६७ पासून इप्सविच-लोवेस्टॉफ्ट मार्गावर गार्डच तिकीट फाडू लागला, अगदी आपल्या एसटीच्या कंडक्टरसारखा. बार्बरा कॅसल या परिवहनमंत्र्यांनी हा मार्ग बंद करायला १९६६ मध्येच नकार दिला होता, आणि फाइन्स यांच्या रीतीमुळे तो पायावर उभा राहिला. आजही तो चालू आहे. फाइन्स यांनी १९६७ मध्येच रेल्वे चालवण्याच्या आपल्या अनुभवांवर एक खुमासदार आणि सडेतोड पुस्तक लिहिलं, आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली.

१९३४ मध्ये दुसऱ्या केबिनकडे चालत जाणाऱ्या ड्रायव्हरने जी बचत दाखवली होती, तीच बचत स्टेशन, सिग्नल, तिकीटखिडकी यांपर्यंत न्यायला तेहेतीस वर्षं लागली. स्वस्त गाडी आणि साधी रेल्वे ही जोडी १९५५ मध्ये एकत्र लावली गेली असती, तर बकिंगहॅमसारख्या आणखी काही मार्गांना जीवदान मिळालं असतं, असं मला वाटतं. सगळ्यांना नाही. ट्रबल हाउसच्या थांब्याला कुठल्याच हिशेबात वाचवता आलं नसतं.

गाड्यांनी मात्र नोकरी चोख बजावली. पन्नासच्या दशकातल्या मेट्रो-कॅमेल कंपनीच्या गाड्या २००३ पर्यंत धावल्या. १९६० चे प्रेस्ड स्टील कंपनीचे एकटे डबे, दोन्ही टोकांना केबिन असलेले, १९३४ च्या कल्पनेचे थेट वारस, आइल्सबरी-प्रिन्सेस रिसबरो मार्गावर २०१७ च्या मे महिन्यापर्यंत शाळकरी मुलं आणि ऑफिसला जाणारे वाहत होते. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश रेलने लेलँडच्या बसचा सांगाडा चार चाकांच्या चौकटीवर ठेवून पेसर नावाच्या गाड्या काढल्या. त्यांच्या उड्यांबद्दल उत्तर इंग्लंडातले प्रवासी पस्तीस वर्षं कुरकुरले, तरी त्यांच्या जिवावर कितीतरी मार्ग उघडे राहिले. आणि स्टाउरब्रिजमध्ये मैलभराहूनही आखूड शाखामार्गावर २००९ पासून एक छोटासा डबा दर दहा मिनिटांनी ये-जा करतो. तिथे उतारू भरपूर आहेत आणि स्टेशनं दोनच.